‘फ्रानेकर’ : घाटकोपरच्या टेकडीवर आदळलेल्या विमानाचा माग

१२ जुलै १९४९, मंगळवार. भर पावसाळ्यातली सकाळ. केएलएम या डच कंपनीचे ‘फ्रानेकर’ नावाचे प्रवासी विमान दिल्लीहून मुंबईला आले आणि सांताक्रूझला उतरण्याच्या बेतात असताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. विमानातले सगळे, म्हणजे ४५ जण, ठार झाले. त्यांत १३ अमेरिकी पत्रकार होते. इंडोनेशियाचे स्वातंत्र्यसैनिक आणि डच सैन्य यांच्यातल्या संघर्षाची पाहणी करून ते मायदेशी निघाले होते.

घाटकोपरमध्ये आज विमान अपघाताचा विषय निघाला, तर लोक २८ जून २०१८ ची गोष्ट सांगतात. त्या दिवशी चाचणीसाठी उडालेले एक छोटे विमान जीवदया लेनजवळ बांधकामाच्या जागी पडले आणि रस्त्यावरच्या एका पादचाऱ्यासह पाच जण दगावले. ते साहजिक आहे. ती घटना डोळ्यांदेखतची आहे, तिची चित्रफीत आहे. १९४९ चा अपघात मात्र परदेशांतल्या ग्रंथालयांत, पुरस्कारांच्या याद्यांत, मृत्युलेखांत आणि विमान अपघातांच्या सूचींत विखुरला आहे. हे तुकडे एकत्र लावले, तर त्यातून एका विमानाच्या शेवटाबरोबरच एका युद्धाची शेवटची काही पानेही वाचता येतात. या लेखात तेवढेच करायचे आहे: जे कागदाने सिद्ध होते ते क्रमाने मांडायचे आणि त्यातून जेवढे निघते तेवढेच म्हणायचे.

नोंदीतले मृत्यू, नोंदीबाहेरचे मृत्यू

युद्धकाळात पडलेल्या लष्करी विमानाचा माग काढणे कष्टाचे असते, पण वाट ठरलेली असते. सांताक्रूझचा विमानतळ १९३० च्या दशकात बांधला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाईदलाचा तळ होता. अशा तळावरच्या प्रत्येक स्क्वाड्रनला रोजची नोंदवही ठेवावी लागे. कोणते विमान किती वाजता उडाले, कोण चालवत होते, कामगिरी कोणती, परतले की नाही, हे सारे त्यात लिहिले जाई. या वह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपल्या आहेत. अपघात झाला की त्या विमानाचे वेगळे कार्ड भरले जाई आणि त्यावर विमानाचा अनुक्रमांक, इंजिनांची अवस्था, वैमानिकाचे उड्डाणाचे तास आणि अपघाताचे कारण येई. वैमानिक मेला असेल, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदवहीत त्याचे नाव, हुद्दा, क्रमांक, तारीख आणि कबरीची जागा सापडते.

ती जागा बहुतेक वेळा पुण्याजवळची खडकी असते. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींची कायमची देखभाल होईल अशी खात्री नव्हती, त्या खडकीच्या युद्ध दफनभूमीत हलवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक कबरी तिथे एकाच आकाराच्या शिळांखाली रांगेने आहेत. जनरल असो वा एकोणीस वर्षांचा हवाई तोफची, शिळा सारखीच. म्हणून मुंबईच्या उपनगरात किंवा महाराष्ट्रात कुठेही पडलेल्या लष्करी विमानाचा शोध खडकीपासून उलट्या दिशेने सुरू करता येतो. शिळेवरच्या तारखेवरून स्क्वाड्रन, स्क्वाड्रनवरून नोंदवही आणि नोंदवहीवरून विमान.

‘फ्रानेकर’च्या बाबतीत ही वाट बंद आहे. विमान नागरी होते, प्रवासी नागरी होते. हॉलंड आणि भारत यांच्यात युद्ध नव्हते. इंडोनेशियात जे चालले होते त्याला डच सरकार ‘पोलिसी कारवाई’ म्हणत होते. त्यामुळे या ४५ जणांची नावे कोणत्याही युद्धकबर आयोगाच्या वहीत येण्याचे कारण नव्हते. तरीही ते त्या विमानात का होते, विमान त्या मार्गावर का होते आणि जगभर त्याची चर्चा का झाली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे युद्धातच सापडतात.

जावा बेटावरचे युद्ध आणि भारताचे आकाश

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता या नेत्यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. हॉलंडने ते मान्य केले नाही. वाटाघाटी झाल्या, करार झाले, मोडले. २१ जुलै १९४७ रोजी डच सैन्याने पहिली मोठी मोहीम सुरू केली. १९ डिसेंबर १९४८ रोजी दुसरी मोहीम सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकार्ता पडली. सुकार्नो आणि हत्ता कैद झाले.

नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताने हे स्वतःचेच प्रकरण मानले. दुसऱ्या मोहिमेची बातमी येताच डच विमानांना भारताचे विमानतळ आणि आकाश बंद करण्यात आले. आशियातल्या इतर देशांनीही तीच भूमिका घेतली. अ‍ॅम्स्टरडॅम ते बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, हा केएलएमचा सर्वांत मानाचा मार्ग होता आणि तो भारतीय उपखंडावरून जात असे. आकाश बंद झाल्यावर कंपनीला मॉरिशसमार्गे हिंदी महासागर ओलांडून लांबचा फेरा घ्यावा लागला. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर आशियाई देशांची परिषद भरवली. २८ जानेवारीला सुरक्षा परिषदेने ठराव करून नेत्यांची सुटका आणि सत्तांतराचे वेळापत्रक मागितले.

मे महिन्यात वारे फिरले. ७ मे १९४९ रोजी रूम आणि व्हान रोयन या दोन प्रतिनिधींच्या नावाने ओळखला जाणारा करार झाला. डच फौजा योग्यकार्ता सोडून गेल्या आणि ६ जुलैला सुकार्नो आपल्या राजधानीत परतले. भारताच्या आकाशातही डच विमाने पुन्हा दिसू लागली होती. ‘फ्रानेकर’ दिल्लीहून मुंबईला येऊ शकले ते यामुळेच. सहा महिन्यांपूर्वी हे विमान घाटकोपरच्या वर असण्याची शक्यताच नव्हती. अपघाताच्या दिवशी सुकार्नोंच्या परतण्याला सहा दिवस झाले होते.

आधीचे एक विमान

याच युद्धात दोन वर्षे आधी उलट दिशेची एक घटना घडली होती. ती शेजारी ठेवल्याशिवाय घाटकोपरचा अपघात नीट समजत नाही.

ओडिशाचे बिजू पटनाईक स्वतः वैमानिक होते आणि त्यांची कलिंग एअरलाइन्स नुकती उभी राहिली होती. जुलै १९४७ मध्ये डच नाकेबंदी चुकवून त्यांनी जावात विमान उतरवले आणि इंडोनेशियाचे नेते शहरीर यांना बाहेर काढून दिल्लीत आणले. त्याच महिन्यात कलिंगचे एक डकोटा, नोंदणी व्हीटी-सीएलए, सिंगापूरहून मलायाच्या रेडक्रॉसची औषधे घेऊन योग्यकार्ताकडे निघाले. २९ जुलै १९४७ रोजी योग्यकार्ताच्या मागुवो धावपट्टीजवळ येत असताना दोन डच किटीहॉक लढाऊ विमानांनी ते पाडले. आठ जण मेले, एकटा माणूस वाचला.

या विमानाचा वैमानिक अलेक्झांडर नोएल कॉन्स्टंटाइन हा ऑस्ट्रेलियन होता. महायुद्धात त्याने भारत-बर्मा आघाडीवर ब्रिटिश हवाईदलाच्या १३६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले होते. त्याची पत्नी बेरिल त्याच्याबरोबर होती. सहवैमानिक रॉय हेझलहर्स्ट. फ्लाइट इंजिनिअर म्हणून भिडा राम या भारतीयाचे नाव इंडोनेशियन नोंदींत येते. आणि इंडोनेशियाच्या हवाईदलाचे तीन आद्य पुरुष: आदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह, आदिसुमार्मो. दुसऱ्याच दिवशी, ३० जुलैला, भारत आणि ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला.

इंडोनेशियाने या मृतांचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. मागुवोच्या धावपट्टीला आदिसुचिप्तोंचे नाव मिळाले. मलांगच्या विमानतळाला अब्दुलरहमान सालेह यांचे, सोलोच्या विमानतळाला आदिसुमार्मोंचे. डकोटा पडले त्या न्गोतो गावी स्मारक आहे आणि २९ जुलै हा दिवस इंडोनेशियाचे हवाईदल दरवर्षी पाळते. पटनाईकांना त्या देशाने ‘भूमिपुत्र’ हा किताब दिला.

भारतात नोंदवलेले विमान जावात पडले, हॉलंडमध्ये नोंदवलेले घाटकोपरात. पहिले गोळ्यांनी पडले, दुसरे ढगात. दोन्हींच्या मागे एकच युद्ध होते. पण पहिल्याची आठवण एका राष्ट्राने उचलून धरली. दुसऱ्याच्या वाट्याला तसे कोणी आले नाही. डचांना ती पराभवाकडे जाणाऱ्या काळातली दुःखद घटना वाटली, अमेरिकेला ती आपल्या पत्रकारांची शोकांतिका वाटली, आणि मुंबईला ती परक्यांच्या विमानाची बातमी वाटली.

तेरा जण कोण होते

डच सरकारच्या निमंत्रणावरून हे पत्रकार इंडोनेशियाच्या दौऱ्यावर गेले होते. निमंत्रणामागचे कारण उघड होते. डिसेंबर १९४८ च्या मोहिमेनंतर अमेरिकेने डच इंडीजसाठीची मार्शल योजनेची मदत थांबवली होती. खुद्द हॉलंडची मदत रोखावी अशी मागणी सिनेटमध्ये होत होती. ४ एप्रिल १९४९ रोजी उत्तर अटलांटिक करारावर सह्या झाल्या होत्या आणि त्याला सिनेटची मंजुरी मिळायची होती. ती २१ जुलैला, अपघातानंतर नऊ दिवसांनी मिळाली. अमेरिकी लोकमत डचांच्या बाजूने वळवायचे, तर अमेरिकी वाचकांचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा माणसांनी आपली बाजू डोळ्यांनी पाहावी, असा हा हिशेब होता. दौऱ्यात प्रसिद्धीचे काम पाहणारे लिन महान हेही होते आणि तेही या विमानात मेले.

यादी वाचली की अमेरिकी पत्रकारितेचा त्या काळचा नकाशाच समोर येतो. न्यूयॉर्क टाइम्सचे बर्ट्रम ह्युलेन, ज्यांनी अमेरिकी परराष्ट्र खात्यावर पुस्तक लिहिले होते. ख्रिश्चन सायन्स मॉनिटरचे परराष्ट्र संपादक चार्ल्स ग्रॅट्के. शिकागो डेली न्यूजचे नॅट बॅरोज. टाइम साप्ताहिकाचे जॉन वर्कली. बिझनेस वीकचे थॉमस फाल्को. स्क्रिप्स-हॉवर्ड वृत्तपत्रांचे विल्यम न्यूटन. डेन्व्हर पोस्टचे फ्रेड कॉल्व्हिग, ह्यूस्टन पोस्टचे जेम्स ब्रॅनियन, सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलचे व्हिन्सेंट महोनी. ओरेगनचे जॉर्ज मुराड, ज्यांची सोव्हिएत रशिया आणि चीनवरची पुस्तके गाजत होती. म्युच्युअल रेडिओच्या एल्सी डिक, या तेरांतल्या एकमेव स्त्री.

उरलेले दोघे पुलित्झर पुरस्काराचे मानकरी होते. एस. बर्टन हीथ यांना १९४० चा पुरस्कार मिळाला होता तो मार्टिन मॅन्टन या अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशाचा भ्रष्टाचार उघडकीला आणल्याबद्दल. त्या वार्तांकनानंतर मॅन्टन यांना पद सोडावे लागले आणि पुढे तुरुंगात जावे लागले. दुसरे ह्यूबर्ट रेनफ्रो निकरबॉकर. टेक्ससमध्ये १८९८ साली जन्मलेला हा वार्ताहर वीस वर्षे युरोपच्या प्रत्येक भडक्याजवळ उभा होता. सोव्हिएत पंचवार्षिक योजनेवरच्या लेखमालेसाठी त्यांना १९३१ चा पुलित्झर मिळाला. १९३० मध्ये त्यांनी जॉर्जियात जाऊन स्टॅलिनच्या आईची मुलाखत घेतली होती. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. अ‍ॅबिसिनियाचे युद्ध, स्पेनचे यादवी युद्ध, मग दुसरे महायुद्ध, हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. मृत्यूच्या वेळी ते न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर रेडिओसाठी काम करत होते. त्यांची कागदपत्रे कोलंबिया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. इतक्या आघाड्यांवरून सुखरूप परतलेला हा माणूस तह होत असलेल्या युद्धाची पाहणी करून घरी जाताना, एकही गोळी न झाडली गेलेल्या गावी मेला.

दौऱ्यातले दोघे या विमानात नव्हते: अ‍ॅरिझोना डेली स्टारचे विल्यम मॅथ्यूज आणि न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनच्या डोरोथी ब्रँडन. ते वेगळ्या वाटेने परतले आणि वाचले.

ही यादी इतकी नेमकी मिळते याचे कारण असे की प्रत्येक नावामागे एक वृत्तपत्र उभे होते. त्या प्रत्येक वृत्तपत्राने आपल्या माणसावर लिहिले, छायाचित्र छापले, पुढे वर्धापनदिनांना आठवण काढली. अभ्यासकाने इथे सावध राहावे लागते. दहा वृत्तपत्रांत एकच मजकूर दिसला म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असे होत नाही. बहुतेक वेळा त्या दहांच्या मागे वृत्तसंस्थेची एकच तार असते. तारखेचेही तसेच. मुंबईत सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळेप्रमाणे मध्यरात्र असते. त्यामुळे अशा घटनेची तारीख तिकडच्या कागदांत एका दिवसाने मागेपुढे झालेली आढळू शकते. मुंबईची तारीख मुंबईच्या घड्याळाप्रमाणेच धरायची.

आणि तेरा वजा केले की बत्तीस उरतात. वैमानिक, सहवैमानिक, रेडिओ ऑपरेटर, इंजिनिअर, केबिनमधले कर्मचारी आणि पत्रकार नसलेले प्रवासी. जगभर उजळणी झाली ती तेरांची. या अपघाताचा पुरा इतिहास लिहायचा, तर कामाचा जास्त भाग या बत्तीस जणांवर खर्च व्हायला हवा.

टेकडी आणि ढग

‘फ्रानेकर’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे एल-७४९ विमान होते, नोंदणी पीएच-टीडीएफ. केएलएम आपल्या कॉन्स्टेलेशन विमानांना डच गावांची नावे देत असे. फ्रानेकर हे हॉलंडच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतातले जुने गाव. चार इंजिने, माशासारखे वळणदार अंग, शेपटीला तीन उभे पंख, उंचावर श्वास घेता यावा म्हणून हवेचा दाब राखणारी केबिन. त्या काळातले हे अत्यंत प्रगत प्रवासी विमान. मुंबईला ते नवे नव्हते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली ती याच जातीच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने.

आदळण्याची जागा घाटकोपरची ६७४ फूट उंचीची टेकडी, म्हणजे सुमारे २०५ मीटर. सांताक्रूझची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-बारा मीटर उंच. दोहोंमध्ये अंतर थोडे. उतरण्याच्या वेगात असलेले कॉन्स्टेलेशन मिनिटाला तीन-साडेतीन किलोमीटर जाते, म्हणजे टेकडीपासून धावपट्टी दोन मिनिटांच्या आत. निरभ्र दिवशी वैमानिकाला हे सगळे एका नजरेत दिसते: पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मिठागरे, मधोमध घाटकोपर-पवईच्या टेकड्या, पुढे विमानतळाचा सपाट पट्टा आणि त्यापलीकडे जुहूचा समुद्र. जुलैतल्या पावसाळी सकाळी यातले काहीच दिसत नाही. ढग टेकडीच्या माथ्याखाली उतरतात. अंधेरीहून घाटकोपरकडे मेट्रोने जाणाऱ्याला आजही साकीनाका, असल्फा, जागृतीनगर या टप्प्यात पावसाच्या दिवशी हे दिसते. उतारावरच्या घरांच्या खालच्या रांगा दिसतात, वरच्या ढगात जातात. जमीन कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झाले ते कळत नाही.

१९४९ मध्ये वैमानिकाच्या हाताशी काय होते? हवेच्या दाबावरून उंची सांगणारे उंचीमापक, रेडिओ संकेताची दिशा दाखवणारे यंत्र, जमिनीवरून मिळणारा हवामानाचा अहवाल आणि घड्याळ. दिशादर्शक रेडिओ संकेत तुम्ही विमानतळाकडे तोंड करून आहात हे सांगतो. पायाखाली काय आहे हे सांगत नाही. समोरच्या टेकडीची आगाऊ सूचना देणारी आजची यंत्रणा तेव्हा नव्हती. म्हणून नियम असा की ठरावीक सुरक्षित उंचीच्या खाली उतरायचे ते धावपट्टी दिसल्यावर. ती दिसली नाही तर वर जायचे, घिरट्या घालायच्या किंवा दुसरे विमानतळ गाठायचे. ढगाखाली शिरून धावपट्टी शोधण्याचा मोह त्या काळच्या अनेक विमान अपघातांच्या मुळाशी आहे. ‘फ्रानेकर’ वाईट दृश्यमानतेत, उतरण्याच्या प्रयत्नात, माथ्याहून कमी उंचीवर टेकडीला भिडले. विमान वैमानिकाच्या ताब्यात असताना जमिनीवर जाऊन आदळते तेव्हा त्याला आज अपघातांच्या अभ्यासात स्वतंत्र वर्ग आहे.

अशी उदाहरणे पुढेही घडली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तीच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लांच्या डोंगरावर आदळली. ४८ जण गेले. ७ जुलै १९६२ रोजी अलिटालियाचे डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येताना वेळेआधी खाली उतरले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले; ९४ जण गेले. पावसाळ्यातला सह्याद्री आणि त्याच्या मुंबईपर्यंत आलेल्या टेकड्या, हा विमान उतरवणाऱ्याच्या दृष्टीने अवघड मुलूख आहे.

घातपाताची शंका

युद्ध चालू आहे, विमान एका पक्षाचे आहे, आत नावाजलेले पत्रकार आहेत, आणि ते ज्या देशात पडले त्या देशाची सहानुभूती दुसऱ्या पक्षाला आहे. इतके जुळून आल्यावर घातपाताची शंका मनात येणे स्वाभाविक आहे. ती झटकून टाकू नये, तपासावी.

तपासताना तीन गोष्टी पुढे येतात. पहिली जागेची. उंचावर स्फोट होऊन विमान विखुरले असते तर अवशेष मैलोगणती पसरले असते. हे विमान उतरण्याच्या टप्प्यात, विमानतळाच्या दारात, टेकडीच्या उंचीवर सापडले. दुसरी गोष्ट हवामानाची. ते अपघात घडवायला एकटे पुरेसे होते. तिसरी गोष्ट काळाची. जुलै १९४९ मध्ये इंडोनेशियाचे प्रजासत्ताक जिंकत होते. सुकार्नो राजधानीत परतले होते, हेगच्या गोलमेज परिषदेची तयारी चालू होती, अमेरिकी दबाव डचांवर होता. तेरा अमेरिकी पत्रकारांचा जीव घेऊन त्या पक्षाच्या हाती काही लागणार नव्हते, गमावण्यासारखे मात्र सगळे होते.

शिवाय एकोणीस दिवस आधी, २३ जून १९४९ रोजी, केएलएमचेच दुसरे कॉन्स्टेलेशन ‘रुर्मोंड’ इटलीतल्या बारी शहराजवळ समुद्रात कोसळून ३३ जण मेले होते. लागोपाठच्या दोन अपघातांनी हॉलंड हादरले. असा योगायोग शंका वाढवतो, पण पुरावा वाढवत नाही. घातपात म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार आहे. ढग, टेकडी आणि उंची या तीन ज्ञात गोष्टींनी अपघाताचा उलगडा होत असताना चौथी अज्ञात गोष्ट आणण्याची गरज नाही. माझा निष्कर्ष तोच आहे.

कोणत्या दप्तरात शोधायचे

जगाने बातमी ‘मुंबई’ या नावाने छापली. पण १९४९ मध्ये घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हते. ते १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात होते. घाटकोपरसह जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा भाग १९५० मध्ये बृहन्मुंबईत आला. बोरिवली, मुलुंड, दहिसर १९५७ मध्ये. शोध घेणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पंचनामे, मृत्यूच्या नोंदी, जिल्हाधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार हे शहराच्या दप्तरात न पाहता उपनगर जिल्ह्याच्या दप्तरात पाहायचे. फोर्टमधील महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि हेगचे डच राष्ट्रीय अभिलेखागार या तीन दारांतून आत गेल्याशिवाय बत्तीस जणांचा अध्याय पुरा होणार नाही. जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालेल्या ‘लोकसत्ते’चे आणि त्या काळच्या इतर मराठी-गुजराती दैनिकांचे १३ जुलै १९४९ पासूनचे आठवडाभराचे अंक पानागणिक पाहायला हवेत. परदेशी तारांमध्ये पत्रकारांची नावे मिळतात. टेकडीवर चिखलातून आधी कोण चढले, मृतदेह कोणी खाली आणले, हे सांगण्याचे काम स्थानिक वार्ताहराचे असते.

आणखी एक दप्तर आहे, ते दरवर्षी कमी होते आहे. १९४९ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे. किरोळ, असल्फा, घाटकोपर, विक्रोळी या जुन्या गावठाणांत अशी माणसे असतील, त्यांच्याकडून ऐकलेली मुले-नातवंडे असतील. त्यांचे सांगणे तारखेनिशी, सांगणाऱ्याच्या वयानिशी, स्वतः पाहिले की ऐकले हे स्पष्ट विचारून नोंदवले, तर ते कागदाच्या तोलाचे होते. घाटकोपरमधल्या शाळा, महाविद्यालये आणि वाचनालये हे काम एका पावसाळ्यात करू शकतात.

२७ डिसेंबर १९४९ रोजी हॉलंडने इंडोनेशियाचे सार्वभौमत्व मान्य केले. ‘फ्रानेकर’ पडून साडेपाच महिने झाले होते. त्या स्वातंत्र्याच्या लढ्यात भारताने आपले आकाश बंद करून आणि मग उघडून भाग घेतला. घाटकोपरच्या टेकडीवरचे ४५ मृत्यू त्याच इतिहासाचे आहेत. ते कोणत्या बाजूचे होते हा प्रश्न आता उरलेला नाही. टेकडीच्या पायथ्याशी, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी, एक फलक लागावा. त्यावर तारीख, विमानाचे नाव आणि ४५ नावे असावीत. तेरा नावे वर दिली आहेत, चौदावे लिन महान यांचे. उरलेली एकतीस शोधून काढणे हे आपले काम आहे, आणि ते घाटकोपरकरांनीच हाती घ्यावे.